विटाळ नेमका कोण करतो?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असं आपल्या चळवळीतले अनेक तरुण म्हणतात. डहाणूची अधिसूचना उठवा, कारखाने येऊ द्या, पोरांना काम मिळेल, हेही ऐकू येतं. बेरोजगारी खोटी नाही, म्हणून या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं.

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. उद्योगांना 500 एकरांची मर्यादा आली. घोलवडच्या चिकूवाड्या टिकल्या, त्यात या बंधनाचाही वाटा आहे. पण तालुक्याची हद्द नकाशावर असते, पाण्यात नसते.

दक्षिणेला, शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूर एमआयडीसी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिलं आलं. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. याविरुद्ध 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेलं? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. मांगेला म्हणजे खाडी-समुद्रावर जगणारा मच्छीमार समाज. हे काही पोट भरलेले लोक नव्हेत!

कारखान्याचं सांडपाणी नाल्यात सुटतं, नाला खाडीला मिळतो. त्यातली सेंद्रिय रसायनं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. जड धातू कुजत नाहीत. ते गाळात बसतात, तिथून मासळीत आणि माणसात येतात. उघड्यावर टाकलेल्या घातक कचऱ्याचा अर्क पावसाबरोबर जमिनीत मुरतो आणि विहीर-बोअरपर्यंत जातो. नदी पुराने थोडीफार धुतली जाते, भूजल मात्र वर्षानुवर्षं नासलेलं राहतं. ज्याला परवडतं तो बाटलीबंद पाणी विकत घेतो. पाड्यावरची बाई आणि वस्तीतला कंत्राटी कामगार तेच पाणी पितात.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. आपल्या स्पर्शाने तळं बाटतं, असं सांगणाऱ्यांशी कोर्टात दहा वर्षं लढून 1937 मध्ये उच्च न्यायालयात विजय मिळवला. त्याच महाडमध्ये आज रासायनिक कारखाने आहेत आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी होत आहेत. पाणी खरोखर बाटवणाऱ्याला मात्र कोणी अस्पृश्य म्हणत नाही, त्याला उद्योजक म्हणतात. तळ्यावरचा हक्क मिळाला आणि तळ्यातलं पाणीच विषारी झालं, तर तो हक्क कोरडाच.

मग रोजगार नको का? हवा. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचवून नफा काढायचा आणि तो खर्च आपल्या शरीरातून वसूल करायचा, याला रोजगार म्हणत नाहीत. शुद्ध पाणी हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलं आहे.

डहाणू-तलासरीत पेसा लागू आहे. प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्या: विहिरी-बोअरची पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, अहवाल मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लागावा. गावातल्या साध्या किटवर विसंबू नका, कारखान्यातली सगळी रसायनं त्यात दिसत नाहीत. माहिती अधिकारात जुने अहवाल मागा, तारखेसह जपून ठेवा. कोर्टात घोषणा चालत नाहीत, कागद चालतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, याचा पाण्यापुरता अर्थ आज हाच आहे.

जय भीम!