बोटीवरची पंगत आणि हिरावलेली शिदोरी

मुंबई बंदरांतून गोव्याकडे, लक्षद्वीपाकडे किंवा कोचीकडे जाणाऱ्या स्वस्त क्रूझबोटींच्या जाहिराती ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस एक गोष्ट खचित दिसली असेल. त्या जाहिरातींत समुद्र थोडा असतो आणि अन्न फार असतें. लांबच लांब टेबलें, त्यांवर रांगेनें मांडलेलीं भांडीं, आणि खालीं ठळक अक्षरांत ग्वाही कीं सर्व जेवण तिकिटांतच समाविष्ट आहे. मध्यम स्थितींतलें कुटुंब वर्षभर पैसे बाजूस टाकून तिकीट काढतें, तें पुष्कळ अंशीं या ग्वाहीवर विसंबून. त्या ग्वाहीची आम्ही येथें झडती घेणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : या बोटी प्रवाशास पदार्थांची गर्दी देतात आणि निवड मात्र काढून घेतात, आणि हा व्यवहार बिनबोभाट चालतो याचा अर्धा दोष बोटवाल्यांकडे असला तरी अर्धा आपल्या मुखदुर्बळतेकडे आहे.

प्रथम जुन्या आगबोटींचें नांव निघतें, म्हणून तो वाद आधींच मिटवूं. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी ज्या काळीं कोंकणकिनाऱ्यानें चालत, त्या काळीं दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत घेत माणसें घरीं जात. डेकावर दाटी असे, बंदरांत धक्का नसला तर पडावांत उतरावें लागे, आणि पावसाळ्यांत बोटी बंद होत. या हालांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. परंतु एक गोष्ट त्या आगबोटीच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. तिनें तुम्हांस जेवूं घालण्याचा आव आणला नाहीं. तिनें भाडें घेतलें तें नेण्याचें. जेवणाचा प्रश्न तुमचा होता आणि त्याचें उत्तर तुमच्या गांठोड्यांत होतें. दशम्या, गुळपोळी, सुकटीची चटणी, जें ज्याच्या घरचें तें त्याच्या शिदोरींत. गरिबाचें अन्न गरीब होतें, पण तें काय आहे, कोणी केलें आहे आणि कधीं केलें आहे हें त्यास ठाऊक होतें.

आजच्या बोटीवर ती शिदोरी बहुधा चालत नाहीं. बाहेरचें शिजवलेलें अन्न आणूं नये, असा नियम क्रूझच्या धंद्यांत सर्रास आहे, आणि त्यास आरोग्याचें कारण दिलें जातें. कारण सर्वस्वी खोटें नाहीं. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. जेवणाचे पैसे आधीं घेतले गेले, स्वतःचें अन्न आणण्याची मुभा गेली, आणि चारी बाजूंस पाणी. आगगाडींत जेवण बेचव निघालें तर पुढच्या स्टेशनावर उतरून वडापाव घेतां येतो. खाणावळींत भात कच्चा निघाला तर उद्यांपासून दुसरी खाणावळ पाहतां येते. बोटीवरच्या प्रवाशास या दोहोंपैकीं कांहींच करतां येत नाहीं. ज्याचें गिऱ्हाईक पळून जाऊं शकत नाहीं, त्या दुकानदाराची जबाबदारी कमी होत नसून वाढते, हा साधा नीतीचा नियम आहे.

'समाविष्ट' या शब्दानें मनाची कशी फसगत होते तेंही पाहण्यासारखें आहे. समाविष्ट म्हणजे फुकट, असा अर्थ प्रवासी नकळत करतो; आणि फुकटास नांव ठेवणें आपल्या संस्कारांत बसत नसल्यामुळें पानांत पडेल तें मुकाट्यानें गिळतो. वास्तविक तो यजमानाच्या घरीं आलेला पाहुणा नव्हे. त्यानें प्रत्येक घासाचे पैसे घरून निघण्यापूर्वींच भरलेले आहेत. असें असतां त्यानें पाहुण्याचा संकोच बाळगावा आणि कंपनीनें यजमानाची ऐट मिरवावी, हा उलटा न्याय होय.

आतां त्या लांबलचक टेबलाकडे वळूं. बोटीच्या मालकास इंधनाचा खर्च टाळतां येत नाहीं, बंदराचे कर चुकत नाहींत, खलाशांचे पगार द्यावेच लागतात. तिकीट स्वस्त ठेवावयाचें तर कात्री जेथें सहज चालते अशी एक जागा उरते, ती म्हणजे मुदपाकखाना. मात्र पदार्थांची संख्या कमी केली तर जाहिरात फिकी पडते. म्हणून संख्या तशीच ठेवून सत्त्व कमी करतात. ज्यांनीं मोठ्या हॉटेलांचे मुदपाकखाने जवळून पाहिले आहेत त्यांस ही युक्ति परिचित आहे. एक तांबडा रस्सा, एक पांढरा, एक पिवळा, असे तीन रस्से सकाळीं मोठ्या पातेल्यांत करून ठेवावे. एकांत पनीर टाकलें कीं त्याचें एक नांव, कोंबडी टाकली कीं दुसरें, मिसळीची भाजी टाकली कीं तिसरें. पाटीवर पंधरा नांवें दिसतात आणि जिभेस तीन चवी लागतात. शिवाय मांडणींतही गणित असतें : रांगेच्या तोंडाशीं पाव, भात व बटाटा, म्हणजे ताट तेथेंच अर्धें भरावें, जें महाग असेल तें शेवटास, तेंही वाढपी आपल्या हातानें मोजून वाढणार. यास निवड म्हणावयाचें असेल तर एकाच कापडाच्या पंधरा टोप्यांनाही निवड म्हणावें लागेल.

बरें, ज्यास हें नको असेल त्यानें काय करावें? त्याच बोटीवर निराळे पैसे देऊन जेवण्याचीं निराळीं दालनें असतात. हा प्रघात आपल्याकडे निघालेला नाहीं. अमेरिकेकडील मोठ्या बोटींवर पूर्वीं ठराविक वेळीं, ठराविक टेबलाशीं, क्रमाक्रमानें वाढलेलें जेवण मिळे. २००० सालीं नॉर्वेजियन क्रूझ लाइननें ही शिस्त मोडून वाटेल तेव्हां वाटेल त्या दालनांत जेवण्याची पद्धत पुढें आणली आणि तिला स्वातंत्र्याचें नांव दिलें. स्वातंत्र्य आलें खरें. पण त्यामागोमाग जादा पैशांच्या दालनांची रीतही सर्वत्र फोंफावली. या रीतींतला धोका उघड आहे. तिकिटांतलें जेवण फार चांगलें असेल तर जादा पैशांच्या दालनाकडे कोण वळेल? म्हणजे समाविष्ट जेवण मध्यम राहण्यांतच कंपनीचा फायदा गुंतला. आम्ही कोणा एका कंपनीच्या हेतूवर आरोप करीत नाहीं. जेथें हिताची ओढ अशी उलट दिशेनें असते तेथें हेतु शुद्ध असूनही फळ अशुद्ध येतें, एवढेंच आमचें म्हणणें.

आम्ही हें चिरनेरास बसून लिहीत आहों, आणि तें या वादांत अप्रस्तुत नाहीं. पनवेल-उरणच्या टापूंतलें हें गांव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगलसत्याग्रहामुळें व त्यांत गोळीबारास बळी पडलेल्या आठ हुतात्म्यांमुळें महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्या रानासाठीं तो लढा झाला, त्या बाजूच्या रानांतून आजही पावसाच्या आरंभीं शेवळें येतात, पुढें कंटोळीं येतात. भात कापला कीं त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, आणि थंडींत त्या वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यांत घालून मडक्यांत पोपटी लावतात. खाड्यांत जिताडा मिळतो. करंजा-मोऱ्याचे कोळी बोंबील व जवळा आणतात. खाडीपलीकडे अलिबागचा पांढरा कांदा आहे. त्याहून खालीं गेलें तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचें कोकम आहे, त्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोंकणच्या हापुसास तें २०१८ सालीं मिळालें. म्हणजे ज्या किनाऱ्याला उजवी घालून ही बोट परत मुंबईस येते, तो किनारा अन्नाच्या बाबतींत दरिद्री नाहीं. आणि बोटीवर काय असतें? पनीर, पास्ता, मैद्याच्या नळ्या आणि चिनी म्हणविणारे नूडल्स. कोंकणच्या समुद्रांत तरंगत असतां कोंकणचा एक घास मिळूं नये, ही गोष्ट इतकी चमत्कारिक आहे कीं तिची कोणास लाज वाटत नाहीं हें त्याहून चमत्कारिक.

यावर जाणते म्हणवणारे सांगतात कीं हें व्यवहार्य नाहीं. ताजा माल कोठून आणावा, आणि बोटीच्या मुदपाकखान्यांत उघडी चूल नसते. पहिल्या शंकेस उत्तर असें कीं १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून चिरल्यापर्यंत येतो. त्याची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर आहे. या टापूंत सकाळीं खुडलेली भाजी दुपारच्या आंत मुंबईच्या धक्क्यावर पोंचूं शकते. दुसऱ्या शंकेंत तथ्य आहे, पण थोडें. तळलेला बोंबील झांकलेल्या गरम भांड्यांत तासभर ठेवला तर तो लोळागोळा होतो, हें कबूल. परंतु कालवणास तसें होत नाहीं, वालाच्या बिरड्यास होत नाहीं, सोलकढीस तर होतच नाहीं. आणि ज्या विजेच्या तव्यावर प्रवाशासमोर डोसा घालून देतात त्याच तव्यावर घावन घालतां येतो. अडचण चुलीची नाहीं. मनांत आणण्याची आहे.

दुसरा पक्ष म्हणतो : लोकांस हेंच आवडतें. हा युक्तिवाद खोटा कसा तें याच बोटींनीं सिद्ध करून दिलें आहे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटी जैन जेवणाची सोय आवर्जून जाहीर करतात. कांदा-लसूण-बटाट्याविना स्वतंत्र स्वयंपाक करणें हें कांहीं सोपें काम नव्हे. त्यास वेगळीं भांडीं, वेगळी दक्षता लागते. तरी तें होतें. कां होतें? त्या समाजानें तिकीट काढण्यापूर्वीं तोंड उघडून मागितलें आणि न मिळाल्यास येणार नाहीं असें सांगितलें, म्हणून होतें. आम्हांस यांत हेवा करण्यासारखें कांहीं दिसत नाहीं, शिकण्यासारखें पुष्कळ दिसतें. आमचा मराठी प्रवासी काय करतो? तीन दिवस निमूटपणें पनीर खातो, चौथ्या दिवशीं घरीं येऊन 'जेवणांत राम नव्हता' म्हणतो, आणि पुढच्या वर्षीं तेंच तिकीट काढतो. न मागितलेलें कोणी देत नाहीं, हें आपल्या वाडवडिलांनीं रडल्यावांचून आई पाजीत नाहीं या शब्दांत कधींच सांगून ठेवलें आहे.

चवीचा प्रश्न कोणी चैनीचा म्हणेल. स्वच्छतेचा तसा म्हणतां येणार नाहीं. शेंकडों माणसें एकाच पळीनें वाढून घेतात, एकाच कठड्यास हात लावतात; पोट बिघडविणाऱ्या रोगास याहून सोयीची जागा कोणती? अमेरिकेच्या सरकारनें १९७५ सालीं बोटींच्या तपासणीची योजना आंखली. तिचे तपासनीस आगाऊ सूचना न देतां बोटीवर चढतात, शंभरांपैकीं गुण देतात, ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर बोट नापास, आणि निकाल कोणासही वाचतां येईल असा प्रसिद्ध होतो. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरूं नये आणि थंड अन्न ५ अंशांच्या वर जाऊं नये, इतक्या बारकाईनें ते पाहतात. आपल्याकडे अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे. कायदा आहे तर त्याचें फळ प्रवाशाच्या डोळ्यांस दिसूं द्या. मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक बोटीच्या मुदपाकखान्यास मिळालेले गुण तिकिटावर छापा. ज्याचा मुदपाकखाना स्वच्छ आहे त्यास यांत भिण्याचें कारण नाहीं. आणि जो भितो त्याच्या बोटीवर आम्हीं आमचीं मुलें कां न्यावीं?

'एवढ्या पैशांत आणखी काय हवें?' हा शेवटचा व सर्वांत लबाड प्रश्न. स्वस्ताई आम्हांस अप्रिय नाहीं. समुद्रपर्यटन ही श्रीमंतांची मिरास राहूं नये, शाळामास्तरानें व कारकुनानेंही सहकुटुंब डेकावर उभें राहून सूर्यास्त पाहावा, हें आम्हांस मनापासून हवें आहे. परंतु स्वस्त आणि हलकें हे दोन शब्द एका अर्थाचे नव्हेत. भाकरी, वालाचें बिरडें, भात आणि सोलकढी हें जेवण स्वस्त आहे, पण हलकें नाहीं. उलट, परदेशी नांवाचा शिळा मैदा महागही असूं शकतो आणि हलकाही. पंधरा नांवांऐवजीं पांच पदार्थ करा, पण ते त्या दिवशींचे करा. स्वस्ताईंत बसणारा हाच खरा मार्ग आहे, आणि गरिबांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गानें चाललीं आहेत.

म्हणून आमचें मागणें मोजकें आहे. तिकिटांत कोणतें जेवण आहे आणि कोणत्यास निराळे पैसे पडतील, याची यादी पैसे घेण्यापूर्वीं मराठींत हातीं द्यावी. तपासणीचे गुण उघड करावे. रोज एक वेळ तरी ज्या किनाऱ्यानें बोट चालली आहे त्या किनाऱ्याचें अन्न पानांत पडावें. आणि म्हातारीं माणसें, लहान मुलें व पथ्य असणारे आजारी यांस कोरडी शिदोरी बरोबर नेण्याची मुभा असावी. हें देणें बोटवाल्यांच्या हातीं आहे, मागणें आपल्या. पुढच्या खेपेस तिकीट काढण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें एकच विचारावें : 'जेवायला काय आहे, आणि तें कोठलें आहे?' उत्तर मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत.