अम्मीच्या सुईचा तासाचा दर

रमजानच्या आधी घाटकोपरच्या घरी माळा साफ करताना जुन्या पेटीत टीव्हीचं एक कव्हर सापडलं. पांढऱ्या सुती जाळीवर हिरव्या-तांबड्या लोकरीने भरलेलं. बोथट सुई एका भोकातून वर, पुढच्यातून खाली, अशी ओळीमागून ओळ. उलटी बाजू पाहिली, तर तिथेही गाठ दिसेना. अम्मीला विचारलं, तर म्हणाली, "लग्नाआधीचं आहे. टाइमपास होता रे."

हीच कला आता परत येतेय. जाळीत लोकर ओवून पर्स कशी करायची, याचे रील्स बहिणीच्या फोनवर रोज दिसतात. मोहल्ल्यातही कुणी ना कुणी सुचवतं, "मुलींना शिकवू या, घरबसल्या चार पैसे मिळतील." कला जगावी असं मलाही वाटतं. माझं भांडण आहे ते त्या 'घरबसल्या' शब्दाशी.

अम्मीची शाळा सातवीनंतर सुटली. पुढे शिकायची इच्छा होती, पण घरातून उत्तर आलं, "घरी बसून भरतकाम शिक." म्हणजे ती सुई तिच्या हातात आली ती वहीच्या बदल्यात. आपण कौतुकाने ज्याला वारसा म्हणतो, त्यात असे कितीतरी सौदे दडलेले आहेत. त्यांच्याबद्दल न बोलता ही कला परत आणली, तर सोबत तो सौदाही परत येईल.

दुसरा प्रश्न पैशांचा. मी सॉफ्टवेअरवाला. मरोळच्या ऑफिसात माझ्या प्रत्येक तासाची नोंद होते. तोच हिशेब घरी लावून पाहिला. सोळा इंचांच्या उशीच्या अभ्र्याला, इंचाला पाच भोकांची जाळी घेतली, तर 80 ओळी होतात. मला पहिल्या ओळीला अकरा मिनिटं लागली. अम्मीला, इतक्या वर्षांनी सुई धरूनही, अडीच. म्हणजे नुसतं भरायला तीन तास वीस मिनिटं. नक्षी मोजणं, अस्तर लावणं, कडा शिवणं धरून पाच तास. एका दुकानदाराला तो अभ्रा दाखवला. त्याने नगाला 120 रुपये सांगितले, लोकर आपली. लोकरीचा खर्च सोडून दिला, तरी तासाला 24 रुपये पडतात.

मजुरी वेळेवर द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण मजुरी मुळात किती, हे बाईच्या कामाबाबत विचारायचं राहूनच गेलं. घरात बसून नगावर काम करणाऱ्यांना घरखेप कामगार म्हणतात. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरखेप कामगाराची व्याख्या आहे, पण आपल्या किती खालांना ती माहीत आहे? 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात मासळीचं जाळं विणणारा आहे, शिंपी आहे. भरतकाम हा वेगळा व्यवसाय म्हणून नाही.

जाळीवरच्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. इजिप्तमधल्या असियूतच्या शाली बघा. जाळीच्या भोकांतून धातूची चपटी पट्टी ओवून केलेली नक्षी जगभरच्या संग्रहालयांत जपून ठेवली आहे. ती जाळी यंत्रावरची. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं जाळी विणणारं यंत्र बनवलं. जाळी यंत्राची, नक्षी हाताची. आपल्या पेटीतलं कव्हरही त्याच जातीचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कला शिकवायची तर शाळा-कॉलेजच्या वेळेबाहेर शिकवा. मुलींसोबत मुलांनाही बसवा, मोजणं आणि नक्षी आखणं दोघांनाही जमतं. प्रत्येक नगामागे लागलेले तास लिहून ठेवा आणि दर तासावर ठरवा. एकेकटीने दुकानात जाण्यापेक्षा बचत गट करून भाव सांगा. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून द्या. हे काम आपल्यापैकी मोबाइल हाताळणारं कोणीही अर्ध्या तासात करू शकतं. आणि एखादी म्हणाली, 'मला सुई नको, बारावी करायची आहे,' तर तिची फी आधी भरा.

सध्या रविवारी मी अम्मीकडून शिकतोय. ती माझं काम उलटं करून पाहते आणि निम्म्या ओळी उसवायला लावते. मी तिला एक वही आणून दिली आहे. त्यात ती तारीख आणि तास लिहिते. पहिल्या पानावर तिने आपलं पूर्ण नाव घातलं आहे.