डाव्या चाकाची कटकट

दिवाळी अंकाच्या पानावर मोटारीचं रडगाणं गाऊ नये, असं सौभाग्यवतींचं मत पडलं. "लोक चिवड्याची बशी घेऊन वाचायला बसणार आणि तुम्ही त्यांना ग्रीस दाखवणार!" मत रास्त आहे. परंतु वर्षभर या सदरातून आमच्या गच्चीवरची टाकी, शेजाऱ्यांचा कुत्रा आणि माझे दात वाचकांनी मुकाट्यानं सोसले. तेव्हा एक चाक आणखी सोसतील, या भरवशावर लिहायला बसलो आहे. शिवाय या चाकापायी मी पोटच्या पोराशी पाच महिने धड बोललो नव्हतो. ती गोष्ट कधीतरी कबूल करायची, तर सणावारी केलेली बरी.

आम्ही राहतो चिंचवडला. आई राहते कान्ह्याला. मावळातलं कान्हे म्हणजे लोणावळ्याच्या लोकलनं जाताना वडगावनंतर आणि कामशेतच्या आधी येणारं स्टेशन. वय शहाऐंशी. खुब्याचा सांधा बदललेला. "शहरात येऊन मी काय तुमच्या लिफ्टकडे बघत बसू?" हा तिचा ठरलेला प्रश्न. त्यामुळे दर पंधरवड्याला आम्हीच तीसेक किलोमीटर जुन्या हमरस्त्यानं देहूरोड, तळेगाव, वडगाव करीत कान्हे फाट्याला वळतो. एवढ्यासाठीच २०२१ च्या पाडव्याला गाडी घेतली. मागं ऐसपैस डिकी असलेली, पाच माणसांची, संसारी सेडान. नाव सांगत नाही. उगाच कुणाच्या दारात नरक चतुर्दशी नको.

आमच्या घराण्याला मोटारीचा अनुभव तसा एकच, काकांच्या जुन्या फियाटचा. त्या गाडीच्या मागच्या चाकांवर बैलगाडीला शोभतील असे पोलादी पाटे होते. अँबॅसडरलाही मागं पाटेच, आणि पुढं पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्या. बसायला त्या गाड्या मऊ होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण काका महिन्यातला एक रविवार जुना लेंगा घालून गाडीखाली शिरत आणि ग्रीसची बंदूक घेऊन एकेका सांध्यात ग्रीस भरीत. सांध्यांना त्यासाठी छोट्या निपली असत. आम्ही पोरं निपली मोजायचो. माझ्या गाडीला एकही निपल नाही. विक्रेत्यानं अभिमानानं सांगितलं होतं, "साहेब, सगळे सांधे आयुष्यभरासाठी सीलबंद!" कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे मी विचारलं नाही.

पहिली कटकट २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तेरा हजार किलोमीटर झाले होते. गतिरोधकावरून उतरताना पुढून डावीकडून 'कट्‌ कट्‌' असा आवाज. कुणी दाराशी उभं राहून अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लिंक रॉड बदलले. बोटाएवढ्या जाडीची, दोन्ही टोकांना सांधा असलेली ही कांडी असते. वळणावर गाडी कलू नये म्हणून जी आडवी दांडी असते, तिला चाकाकडच्या भागाशी जोडते. हमी शिल्लक होती, पण कागद पुढं करून त्यांनी दाखवलं की, हे 'झिजणारे भाग' आहेत, त्यांना हमी नाही. ब्रेकचे पॅड झिजतात हे मला ठाऊक होतं. गाडीचे हातपायही त्याच यादीत असतात, हे नव्यानं कळलं.

२०२३ च्या जूनमध्ये, एकवीस हजारांवर, लोअर आर्मचे बुश गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत मागचे दोन्ही शॉकअप गळू लागले. गाडीचं वय सव्वादोन वर्षं! आमच्या काकूंच्या शिलाई मशीनला याहून कमी दुखणी होती.

प्रत्येक वेळी काउंटरवरचा तरुण एकच प्रश्न विचारी, "गाडी कोण चालवतं?"

आता इथं माझी चूक सुरू होते. गाडी बहुतेक वेळा चिरंजीव चालवीत. वय चोवीस, केस कपाळावर, गाण्यांचा आवाज मोठा. आजीची औषधं घेऊन दर शनिवारी कान्ह्याला जाण्याचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलेलं. तिसऱ्यांदा तो प्रश्न आला, तेव्हा मी घरी येऊन भिंतीवरची किल्ली काढून कपाटात ठेवली आणि म्हणालो, "गतिरोधक दिसला की उडी मारायची हौस असेल तर सर्कशीत जा." त्यानं एकदाच सांगितलं, "बाबा, मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवतो." मी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारपासून तो लोकलनं जाऊ लागला. घरात आमचं बोलणं 'मीठ दे', 'वीजबिल भरलं का' इतक्यावर आलं. सौभाग्यवतींनी मध्यस्थी करून पाहिली. पण बापाची जात. न्यायाधीश, फिर्यादी आणि साक्षीदार एकटाच.

जुलै २०२४. आईला तळेगावच्या डॉक्टरांना दाखवून परत कान्ह्याला सोडायला निघालो होतो. मावळातला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पलीकडे लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि त्याचे शिंतोडे कान्ह्यापर्यंत येतात असं म्हणणं म्हणजे समुद्राला ओल आहे म्हणण्यासारखं. खड्डे पाण्यानं भरलेले. खड्डा कुठला आणि डबकं कुठलं, हे चाक आत गेल्यावरच कळायचं. वडगाव सोडलं तशी कटकट वाढली. आई पुढच्या सीटवर बसली होती. ऐकता ऐकता म्हणाली, "अरे, हे चाक माझ्या जुन्या खुब्यासारखं बोलतंय. आधी कटकट करतं, मग एके दिवशी बसतं."

मी हसलो. कान्हे फाट्यावर वळण घेण्यासाठी गाडी माणसाच्या चालीवर आणली, चाक वळवलं, आणि खालून 'धप्प' असा आवाज झाला. गाडी डाव्या खांद्यावर कलली. उतरून पाहतो तो पुढचं डावं चाक पायाचा खुबा निखळावा तसं बाहेर फेंगडून, मडगार्डला टेकून बसलेलं. आईला काही झालं नाही. मीच थरथरत होतो. त्या सकाळी आम्ही जुन्या रस्त्याऐवजी द्रुतगती मार्ग धरला असता तर, हा विचार मी त्या दिवशी केला नाही. रात्री केला, आणि मग झोप आली नाही.

फाट्यावरचा मिस्त्री डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून आला. "आजी, तुम्ही आधी टपरीत बसा," म्हणाला, आणि पोतं टाकून गाडीखाली शिरला. दहा मिनिटांनी मला वाकायला लावलं. "काका, हे बघा. बॉल जॉइंट निसटलाय. आन्‌ हा बूट बघा."

बूट म्हणजे सांध्यावरची रबराची टोपी. आईच्या डॉक्टरांनी खुब्याचा सांधा समजावताना वाटी आणि गोळा काढून दाखवला होता. हुबेहूब तोच प्रकार. वाटीत गोळा, भोवती ग्रीस, वर टोपी. चाक एकाच वेळी वर-खालीही व्हावं आणि डावी-उजवीकडे वळावंही, म्हणून हा सांधा. जुन्या फियाटसारख्या गाड्यांत पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात असत. १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांतून मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याची रचना रस्त्यावर आली. त्यानं वरचा हात काढून टाकला, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले आणि खाली एकच हात ठेवला. जागा वाचली, पैसे वाचले. आपल्याकडं १९८३ च्या मारुती ८०० ला पुढं हीच रचना होती आणि आज घरगुती गाड्यांत बहुतेक हीच असते. रचना उत्तम आहे. मात्र चाकाचं पाऊल जागेवर धरून ठेवायला खाली तो एकच सांधा. टोपी फाटली की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, मावळाची तांबडी माती वाटीत शिरते आणि गोळ्याला कानशीसारखी घासत राहते. वर्षभर पुरतं.

"पण टोपी फाटली कशानं? खड्ड्यानं?"

मिस्त्री हसला. "खड्ड्यानं फाटली तर चिरफाळते काका. ही कापल्यावाणी आहे. बुश टाकताना आर्म खोलला असंल. दोन दातांची पाचर घालून हातोडी मारली की सांधा सुटतो, पण टोपी जाते. मग नवी टाकावी लागती. ती टाकली नाही. तशीच बसवली."

पाचरीचा व्रण लोखंडावर स्पष्ट दिसत होता. जून २०२३ चं जॉबकार्ड घरी फायलीत होतं. 'लोअर आर्म काढून बुश बदलले' असं त्यांनीच लिहिलेलं. मधे तेरा महिने आणि दहा हजार किलोमीटर गेले होते.

"आणि ते मागचे शॉकअप? ते तरी भरधाव चालवल्यामुळंच ना?" मी शेवटची काडी धरली.

मिस्त्रीनं डिकी उघडली. आत इंद्रायणी तांदळाची दोन पोती होती. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ही जात निघाली, आणि आंबेमोहोराच्या वासाची सवय झालेल्या आमच्यासारख्यांना तिनं वेड लावलं. चिंचवडच्या चार घरांचा तांदूळ मी दर खेपेला वाहत असे. त्या दिवशी आईला घेऊन आधी डॉक्टरकडं जायचं म्हणून आदल्या खेपेची पोती डिकीतच राहिली होती. मागं तीन माणसं, डिकीत शंभर किलो, आणि टायरमध्ये हवा पुस्तकातल्या रिकाम्या गाडीच्या आकड्याइतकी. "तांदूळ कोण भरतं?" मिस्त्रीनं विचारलं. मी पावसाकडं पाहिलं.

उरले लिंक रॉड. त्यांचा गुन्हेगार रस्त्यावरच आडवा पडलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसची १९८८ ची मार्गदर्शिका म्हणते की, गतिरोधकाचा उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त दहा सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरनं गाडी अलगद पार होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी टेप घेऊन एक मोजला. वीतभर उंच, हातभर रुंद. कुणाच्या तरी दारासमोर, कुणीतरी उरलेल्या डांबरात घातलेला. त्यावरून एक चाक वर आणि एक खाली असं उतरलं की ती आडवी दांडी पीळ खाते आणि सगळा झटका त्या कांडीवर येतो. चिंचवड ते कान्हे असे किती आहेत ते मोजायला लागलो, विसाच्या पुढं गेल्यावर नाद सोडला.

एवंच, पुढची कांडी रस्त्यानं खाल्ली, मागचे शॉकअप माझ्या तांदळानं खाल्ले, आणि बॉल जॉइंट हातोडीनं. चिरंजीवांच्या वाट्याला काही उरलंच नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गोडी नाही. मिस्त्रीनं काढलेला सांधा मी टाकून दिला नाही. टोपीसकट पिशवीत बांधला, फोटो काढले, जॉबकार्डांच्या प्रती लावल्या आणि कंपनीला लेखी कळवलं. आधी 'रस्ता खराब' हे उत्तर आलं. मग मी कळवलं की, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणं तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, माझ्या गाडीच्या किमतीला जिल्हा आयोगाची फी चारशे रुपये पडते, वकील लागतोच असं नाही, आणि आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. नवी गाडी मागितली नाही. एका गाडीच्या क्लचच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की, हमीत भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं कबूल केलं असेल तर त्यापायी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. मी मागितला तो आर्म, सांधा आणि मजुरी. सहा आठवड्यांनी मिळाली. पत्रात 'सद्भावना म्हणून' असा शब्द होता. चूक झाली असा नव्हता. एकाच गाडीच्या अनेक मालकांची अशी तक्रार आली तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली आहे. पण माझी टोपी एकट्याचीच फाटलेली होती.

आता मी दर पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी वर घ्यायला लावतो आणि बॅटरी घेऊन चारही टोप्या स्वतः पाहतो. कोपरा दाबून सोडतो. गाडी एकदा उसळून बसली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकअप गेला. टायरच्या कडेवरून तळवा फिरवतो, कुठं लाटा लागतात का पाहतो. सौभाग्यवती म्हणतात, एवढं लक्ष माझ्या गुडघ्यांकडं द्या. तांदूळ दर खेपेला एकच पोतं.

त्या संध्याकाळी मात्र मी भिजलेल्या कपड्यांनी घरी आलो, कपाट उघडलं आणि किल्ली चिरंजीवांच्या ताटाशेजारी ठेवली. काय बोलायचं ते फाट्यापासून घोकत आलो होतो. प्रत्यक्षात "टोपी फाटली होती" एवढंच तोंडातून निघालं. त्याला अर्थातच काही कळलं नाही. मग सगळं सांगितलं. पाचर, पोती, आजीचा खुबा, आणि शेवटी, चुकलं म्हणून.

तो भाताचा घास संपवीपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "आजीला कुठं लागलं नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे किल्ली तिथंच. पास काढलाय तीन महिन्यांचा, ऑक्टोबरपर्यंत चालेल." आणि थोड्या वेळानं, आमटी वाढून घेताना, "पण शनिवारी तुम्ही पण चला लोकलनं. आजी म्हणते, बाबांना स्टेशनवरून घरी चालत यायची वाट तरी आठवते का ते बघ."