खिडकीतली मोहरी

सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला समजावतो ते मोहरीच्या दाण्याचे उदाहरण देऊन. तो दाणा मुलांच्याच हातून पेरून घ्या. मोहरी फोडणीच्या डब्यातली चालेल. शेतीचे बियाणे नको, त्याला बहुधा औषध चोळलेले असते.

पसरट डब्याला भोके पाडून दोन बोटे ओली कोकोपीट भरा. त्यावर मोहरी कोरडीच, दाट पण एका थरात पसरा. भिजवली तर बुळबुळीत होऊन गोळे होतात. दोन-तीन दिवस झाका, मग उजेडात ठेवा.

याच सुमारास मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून डबा कचऱ्यात जातो. नाहक इसराफ! आधी पाणी फवारा. लव दिसेनाशी झाली तर ते मुळांचेच केस. कोळ्याच्या जाळ्यासारखी वर पसरली, कुबट वास आला, तर मात्र बेलाशक फेका.

आठ-दहा दिवसांत दोन इंचांचा पाला कात्रीने कापा. पुन्हा फुटत नाही. शिजवल्यावर झणका जातो, म्हणून कबाबाबरोबर कच्चाच वाढा. घरातले बुजुर्ग रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पाल्यातले के जीवनसत्त्व तिचा असर कमी करते.