पाण्याची वही

दारात नळ असणे वेगळे आणि त्याला रोज वेळेवर पाणी येणे वेगळे. गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या गावात हे सगळ्यांत आधी बाईला कळते, कारण रोवणीला जाण्यापूर्वी हंडे तिलाच भरायचे असतात. पाण्याचा नेम नसला की एक दिवसाची मजुरी जाते, नाहीतर मुलगी शाळा बुडवून नळाजवळ बसते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरविले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या अठरा बादल्यांहून थोडे जास्तच. आपल्याकडे तेवढे येते काय? अंदाजाने सांगू नका. मुलांच्या जुन्या वहीत महिनाभर लिहा: तारीख, पाणी कधी आले, कधी गेले, किती बादल्या भरल्या, गढूळ होते काय. एक वही टाकीजवळच्या घरी ठेवा, दुसरी वस्तीतल्या शेवटच्या नळावर. दोन्हीकडे पाणी नसेल तर वीज, पंप किंवा विहीर तपासावी लागेल. टाकीजवळ भरपूर आणि शेवटी थेंबथेंब असेल तर मध्ये गळती आहे, व्हॉल्व्ह नीट उघडत नाहीत, नाहीतर कोणी नळाला मोटार लावून पाणी ओढतो आहे. (मोटार लावणाऱ्यांत आपलेही लोक असतात, हे कबूल केले पाहिजे.)

शेवटचा नळ बहुधा कोणाच्या वस्तीत असतो, हे वाचकांना सांगायला नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. तो हक्क आज पाईपच्या टोकाला कमी पडत असेल, तर दाखवायला लेखी पुरावा लागतो.

गढूळ पाण्याची नोंद तर सोडूच नका. पुरवठा थांबला की पाईप रिकामा होतो आणि फुटक्या जागेतून नालीचे पाणी आत शिरते. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली एवढ्याने भागत नाही. ओ.टी. तपासणी शेवटच्या नळावर करायला लावा. द्रावण टाकून पाणी पिवळे झाले नाही, तर क्लोरीन तिथवर पोचलेलेच नाही. त्या दिवशी मुलांना पाणी उकळून, गार करूनच द्या.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे दोन्ही वह्या न्या, वाचा आणि ठरावात नोंद करून घ्या. वाचायला पुरुष मंडळी पुढे येतील. पण जिने महिनाभर लिहिले, तिलाच वाचू द्या.