बटण दाबलं की ताल सुरू, पण गाणार कोण?



गेल्या महिन्यात सॅक्रिस्टीतलं जुनं कपाट आवरायला घेतलं. वेदीची जुनी वस्त्रं, पितळी मेणबत्तीदाण्या, पानं सुटलेली गीतांची पुस्तकं आणि त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेला एक छोटा कीबोर्ड निघाला. कॅसिओ कंपनीचा कॅसिओटोन एमटी-४०. आपल्या धर्मग्रामातले एक बंधू बोटीवर नोकरीला होते, त्यांनी पूर्वी कधीतरी सुट्टीवर येताना तो आणून चर्चला दिला होता. आम्ही त्याचे सेल बदलले, बटण सरकवलं, आणि तो वाजला! दोन पट्ट्या मुक्या झाल्या आहेत, पण बाकी सगळं ठीक आहे.

त्याच आठवड्यात पॅरिश कौन्सिलची बैठक होती. गायकवृंदाचा सध्याचा कीबोर्ड अधूनमधून बंद पडतो, म्हणून शेकडो तालांचा नवा घ्यावा असा विषय निघाला. ‘हा जुना भंगारात देऊन टाका’ असंही कोणीतरी म्हणालं. त्या वेळी आम्ही काहीच बोललो नाही. घरी आल्यावर मात्र वाटलं की बोलायला हवं होतं. म्हणून आज लिहितो.

आधी या छोट्या वाद्याविषयी. कॅसिओ ही जपानमधल्या काशिओ बंधूंची कंपनी. गणकयंत्रांसाठी ती सर्वांना माहीत होती. चार भावांपैकी तोशिओ यांना संगीताची ओढ होती. ज्यांना वाद्य वाजवण्याचं शिक्षण मिळालेलं नाही, त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा असं त्यांना वाटत होतं. त्यातून १९८० साली कंपनीचा पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१, बाजारात आला. पुढच्याच वर्षी हा एमटी-४० आला. उजव्या हाताला ३७ छोट्या पट्ट्या, डाव्या हाताला खर्जाच्या सुरांसाठी आणखी १५. बावीस प्रकारचे आवाज. सूर थरथरवायला एक बटण, सूर लांबवायला दुसरं. आणि सहा ताल. बटण दाबलं की ताल सुरू, आणि खर्जाची पट्टी दाबून धरली की तालाबरोबर खर्जही आपोआप वाजू लागतो.

ज्या धर्मग्रामाला पाइप ऑर्गन परवडणं शक्यच नव्हतं, जिथे पेटी वाजवणारे एकच गृहस्थ होते आणि ते आजारी पडले की रविवारची मिस्सा सुनी जायची, तिथे या वाद्याने मोठी सोय केली. हे आम्ही मनापासून मान्य करतो. आमच्या पिढीतली कितीतरी मुलं अशाच छोट्या पट्ट्यांवर दोन बोटांनी चाली शोधत गायकवृंदात आली.

आता आमचं दुखणं सांगतो. ते त्या ‘आपोआप’बद्दल आहे.

गेल्या उपवासकाळातली गोष्ट. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एक मावशी आहेत. चष्मा नसला तरी त्यांचं अडत नाही, सगळी गीतं त्यांना पाठ आहेत. दोन-तीन रविवार पाहिलं, त्या गीताची पहिली ओळ धरतात आणि मग गप्प होतात. मिस्सा संपल्यावर आम्ही विचारलं, ‘मावशी, घसा बसलाय का?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘घसा चांगला आहे सर. पण ते मशीन माझ्यासाठी थांबत नाही की हो. मी श्वास घेईस्तोवर ते पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. मग मी नुसती ऐकत बसते.’

त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. पण आम्हाला ते लागलं, कारण दोष आमचाच होता. मिस्सा लांबते अशी कुरकुर झाल्यावर मुलांना तालाचा वेग वाढवायला आम्हीच सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मुद्दाम मागे उभे राहून ऐकलं. स्पीकरमधून ड्रम, खर्ज, गिटार सगळं व्यवस्थित वाजत होतं. माइकवर चार मुलं गात होती. आणि बाकांवरचे दीड-दोनशे लोक पुस्तक हातात धरून उभे होते. एकट्या मावशीच गप्प नव्हत्या.

आमच्या तरुणांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ‘सर, ताल नसला की गाणं रेंगाळतं. प्रत्येक जण आपापल्या वेगाने ओढतो. आणि ताल आहे म्हणून तर मुलं गायकवृंदात येतात.’ यात तथ्य आहे. रेंगाळणारं गाणं आम्हीही खूप ऐकलं आहे आणि ते काही जास्त भक्तीचं नसतं. शिवाय शनिवारी संध्याकाळी क्रिकेट सोडून सरावाला येणाऱ्या मुलांना नुसतं ‘बंद करा ते’ म्हणणं अन्यायाचं आहे. आमचं भांडण त्यांच्याशी नाही, कीबोर्डशीही नाही. प्रश्न एवढाच आहे, की प्रार्थनेचा वेग ठरवायचा कोणी?

ख्रिस्तसभेने यावर विचार केलेला आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचं स्थान दिलं. त्याचबरोबर, उपासनेला शोभणारी आणि भाविकांच्या उन्नतीला खरोखर मदत करणारी इतर वाद्यंही वापरता येतील, असं सांगितलं. म्हणून पेटी, तबला, कीबोर्ड यांना दार उघडं आहे. पण १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनेने एक अटही घातली. वाद्याने आवाजांना आधार द्यावा, ते आवाज बुडवून शब्द ऐकू येईनासे करू नयेत. उपवासकाळात तर वाद्यं केवळ गायनाच्या आधारापुरतीच वाजवावीत असा नियम आहे. चौथा रविवार, महोत्सव आणि सण एवढेच त्याला अपवाद.

परिषदेच्याही आधी, १९५८ साली, रोमहून आलेल्या एका सूचनेत उपासनेत ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर आणि आपोआप वाजणारी वाद्यं वापरायला मनाई केली होती. तेव्हा असे कीबोर्ड नव्हते, त्यामुळे ती सूचना जशीच्या तशी आज लावा असं आम्ही म्हणत नाही. पण तिच्यामागचा विचार अजून जुना झालेला नाही. उपासना जिवंत माणसं करतात. आपल्या वाटची स्तुती यंत्राकडे सोपवता येत नाही.

या एमटी-४० ची एक गोष्ट आम्ही गायकवृंदातल्या मुलांना सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. त्याचा ‘रॉक’ नावाचा ताल हिरोको ओकुदा या तरुणीने तयार केला होता. ती संगीत महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडून १९८० मध्ये कॅसिओत लागली होती. जमैका बेटावरचं रेगे संगीत तिच्या प्रबंधाचा विषय होता. तो कीबोर्ड पुढे जमैकातच पोहोचला. तिथे वेन स्मिथ हा गायक आणि किंग जॅमी हे निर्माते यांनी त्याच तालावर १९८५ साली ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं केलं आणि रेगे संगीताचं वळणच बदललं. ते गाणं उपासनेचं नाही, तो भाग वेगळा. आम्हाला त्यातलं एक आवडलं. जॅमी यांनी तो ताल यंत्रातून आला तसा घेतला नाही. त्याचा वेग कमी केला, आपल्या लोकांच्या चालीला जुळेल असा केला. नाचगाण्यासाठी माणसं यंत्राला आपल्या चालीने चालवतात, आणि आपण प्रभूच्या मेजाशी येऊन यंत्राच्या चालीने पळतो, हे बरोबर आहे का?

म्हणून आमचं मत स्पष्ट सांगतो. नवा कीबोर्ड जरूर घ्यावा, पण तालांचा आकडा पाहून घेऊ नये. मिस्सेत आपोआप वाजणारा ताल बंद ठेवावा. ताल हवा असेल तर तबला किंवा ढोलकी घ्यावी, कारण वाजवणारा लोकांकडे पाहतो आणि गरज पडली तर थांबतो. नाताळच्या कार्यक्रमात, मुलांच्या मेळाव्यात, गॅदरिंगला बटणावरचा ताल खुशाल लावा. गीताची पट्टी मावशींच्या गळ्याला झेपेल अशी धरा. आणि प्रत्येक गीताचं एक कडवं तरी कीबोर्डचा आवाज उतरवून गा, म्हणजे आपण किती जण गातो आहोत ते आपल्यालाच ऐकू येईल.

आणि तो जुना एमटी-४० भंगारात जाऊ नये. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही तो वापरायला सुरुवात केली आहे. डाव्या हाताने खर्जाची एक पट्टी धरून ठेवायची, तंबोऱ्यासारखी, आणि उजव्या हाताने फक्त चाल वाजवायची. ताल नाही. त्याचा स्पीकर इतका लहान आहे की वीस मुलं गाऊ लागली की तो ऐकूच येत नाही. मग मुलांना एकमेकांकडे कान द्यावा लागतो. मागच्या रविवारी मावशींना वर्गात बोलावलं होतं. त्यांनी एक जुनं गीत शिकवलं, आणि कीबोर्ड वाजवणारा नववीतला मुलगा ओळ संपली की त्यांच्या तोंडाकडे बघून थांबत होता. आम्हाला त्याला काही सांगावं लागलं नाही.

शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं शुभवर्तमान सांगतं. कोणतं वाद्य होतं, होतं की नव्हतं, याचा त्यात उल्लेख नाही. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे प्रभूला माहीत होतं. तरी त्या रात्री तो आपल्या लोकांबरोबर गायला. त्या शिष्यांत कोणी बेसूर असेल, कोणी मागे राहिला असेल. प्रभू त्यांच्याबरोबरच गात राहिला असेल, असं आमचं मन सांगतं.

हे प्रभू, आमच्या हातांना वाजवण्याचं कौशल्य दे, आणि शेजारच्या बाकावरचा थकलेला आवाज ऐकण्याएवढी सवड दे. जो मागे राहिला आहे त्याच्यासाठी थांबायला आम्हाला शिकव. आमेन.