नियम घाटाचेच हवेत



‘बैलगाडा शर्यतींना राज्यभर एकच नियमावली हवी’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. सातारा-सांगलीकडे गाडीवान गाडीवर बसतो आणि अनेक गाड्या एकदम सुटतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा एकटा पळतो, त्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि निकाल घड्याळाचा. मिलिसेकंदावर बारी, म्हणजे गाड्याची धाव, हुकते! दोन्हीकडे एकच नियम लावायचा कसा? गोल्फमध्येही मूळ नियम जगभर एक, तरी मैदानापुरते नियम प्रत्येक क्लब स्वतः ठरवतो.

बैलांच्या जिवाचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे गावाला मुभा नको. धाव १,००० मीटरच्या आत, काठी-चाबूक बंद, ही सरकारी बंधने आहेत. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तो याच बंधनांच्या भरवशावर. ती मोडणारा गाडा जागेवर बाद झालाच पाहिजे.

भांडणे होतात ती नियम तोंडी असल्यामुळे. निशाण कधी पडले, बारी पुन्हा द्यायची का, हे ऐनवेळी ठरते. यात्रा कमिट्यांनी घाटाचे नियम जत्रेच्या पत्रिकेतच छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक गाडाशौकीन, लेण्याद्री (ता. जुन्नर)